लांबवलेला पाळणा

गावाचं नाव सूर, पण ऐकू यायचे फक्त
किनाऱ्यावर गलबतं ठोकणारे हातोडे
आणि आमच्या दवाखान्यात दर पाळीला चार-पाच टाहो.
मी सुवार्ता, मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकलेली.
पहिल्या वर्षी इतक्या नाळा कापल्या
की कात्रीला धार लावायला सुताराकडे पाठवावी लागली.

मग मस्कतहून एक साहेब आला, पांढराशुभ्र डिशदाशा.
भिंतीवर कागद लावला: एक रेघ तेलाची, एक माणसांची.
तेलाची टेकडी चढून उतरू लागलेली,
माणसांची चढतच होती, बकरीसारखी.
"या दोन रेघांच्या मधे शाळा बांधायच्यात," तो म्हणाला,
"समुद्राचं पाणी गोड करायचंय,
आणि वीस वर्षांनी या पोरांना कामं द्यायचीत.
कमी म्हणू नका. सावकाश म्हणा."
लेकरं देव देतो, त्यावर वाद नाही;
दोन लेकरांच्या मधे बाईला दम घ्यायला जागा हवी, इतकंच.
अरबीत म्हणायचं मुबाअदा.
आमच्याकडे म्हणतात पाळणा लांबवणे.

मला लाल त्रिकोण ठाऊक होता. शिबिरं ठाऊक होती:
शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर ओळीने निजवलेल्या बाया,
टाके पडले की स्टीलचा डबा आणि एस.टी.चं भाडं,
आणि बाहेर आकडा भरायला टपलेला ग्रामसेवक.
इथे डबा नव्हता, आकडा नव्हता.
एक नोंदवही, खोकाभर गोळ्या,
आणि दारात बसलेली सासू.

झुवैना सातव्या बाळंतपणानंतर आली.
म्हणाली, "माझ्या आईला चौदा झाली, पाच जगली.
तिनं कधी मोजलं नाही, मी का मोजू?"
मी म्हटलं, "आता मरत नाहीत ना गं,
म्हणून मोजायचं."
ती गप्प झाली. सासू बोलली:
"तुला किती, सिस्टर?"
एक.
"कुठे असतो?"
मिरजेला, बहिणीकडे. योना. चार वर्षांचा.
म्हातारीनं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं,
मग मला पाहिलं.
"तुझी गोळी फार मोठी आहे," म्हणाली.

दिवसभर मी मोडक्या अरबीत सांगायची,
अंतर द्या, मुलांना अंतर द्या.
रात्री खोलीत तेच शब्द मराठीत परत यायचे
आणि मराठीत त्यांचा अर्थ
मला पांघरूण घेऊ द्यायचा नाही.

पुढे गॅसचा कारखाना आला. रस्ता चौपदरी झाला.
बहिणीच्या घरावर स्लॅब पडला, योना इंजिनिअर झाला,
फोनवर मला अहोजाहो करू लागला.
वहीत दीड वर्षाची तीन वर्षं झाली, तीनाची चार.
झुवैनाला पाच वर्षांनी मुलगी झाली, गनिया;
माझ्याच हातात, पायाळू, जरा निळी.
पाठीवर दोन चापट्या दिल्या तेव्हा रडली.

परवा ती आली. कॉलेजचं ओळखपत्र, इस्त्रीचा कोट,
आणि लिफाफ्यात पत्र:
ही जागा आता देशाच्या मुलीला.
वाईट कशाचं वाटायचं? साहेबाची वीस वर्षं भरली होती,
वर दोन-तीन झाली होती, पण हिशेब चुकला नव्हता.
त्या कागदावर मी कुठल्या रेघेत होते
एवढं विचारायचं राहून गेलं.

वही समजावून देत होते. गनिया थांबली.
"हे काय, पहिल्या पानावर, पेन्सिलीनं?
तीन फूट दोन. तीन फूट सहा. चार फूट.
कुठल्या बाळाची उंची? नाव नाही, गाव नाही."
मी म्हटलं, "ते आपल्या हद्दीतलं नाही."

शिस्तीची पोरगी. मीच तर जन्माला घातलेली शिस्त.
खणातून पट्टी काढली,
आणि ते आकडे, न दुखवता,
एका सरळ रेघेत खोडले.